‘झाले’ असा शेरा

एका माणसाचं नाव मला अजून पाठ आहे. त्याला मी कधी पाहिलं नाही. ते नाव मी इथे लिहिणार नाही. जिवंतपणी छापलं गेलं नसेल इतक्या वेळा ते मेल्यावर छापलं गेलं, आणि त्यात माझा हात होता.

नव्वदच्या दशकात मी साताऱ्यात एका लहान कंपनीत नोकरी करत होते. कंपनी म्हणजे मिठाईच्या दुकानावरच्या दोन खोल्या, तीन संगणक आणि पाच माणसं. साखर कारखान्यांना लागणारे प्रोग्राम आम्ही लिहून द्यायचो. कुणी ऊस कधी लावला, कुणाच्या उसाला तोड कधी द्यायची, याची यादी संगणक करायचा आणि तोडीची चिठ्ठी छापायचा. ती चिठ्ठी घेऊन तोडणी टोळीचा मुकादम शेतावर जायचा, बांधावर उभा राहून नाव पुकारायचा, आणि मग कोयते चालायला लागायचे.

मला प्रोग्राम लिहिता येत नव्हते. माझ्याकडे पत्रव्यवहार, फोन आणि तक्रारी.

तक्रारींची पद्धत अशी, की फोन जो उचलेल तो हाताला लागेल त्यावर लिहायचा. कॅलेंडरच्या पाठीवर, एस.टी. पार्सलच्या पावतीवर, एकदा तर आमच्या वाईच्या प्रोग्रामरने तळहातावर लिहिलं आणि जेवायला बसताना धुऊन टाकलं. संध्याकाळी मी हे सगळं गोळा करून एका लांब वहीत तारीखवार उतरवून काढायची. पत्रं आली तर त्यांचंही एका ओळीत सार. शेवटचा रकाना शेऱ्याचा. प्रोग्रामर म्हणाला ‘झालं’, की मी तिथे ‘झाले’ लिहायची. अक्षर चांगलं, रकाने सरळ. त्या वहीचा मला अभिमान होता.

एका पावसाळ्यात, गाळप बंद असताना, साहेबांनी मला बोलावलं. साहेब म्हणजे आमचे मालक. त्यांनी वह्यांचा ढीग माझ्यापुढे सरकवला.

“बाई, आपण तेच तेच काम परत परत करतोय असा मला संशय आहे. हे जरा लावून द्या.”

“कसं लावू?”

“कसंही लावा. हंगाम सुरू व्हायच्या आत लावा.”

तारखेने लावलेली वही फक्त तारीख सांगते, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. काय बिघडलंय आणि लोकांना नवीन काय हवंय, हेही त्यात एकमेकांत मिसळलं होतं. मी सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि कात्री घेतली. एकेक नोंद पट्टीसारखी कापली. खालच्या दुकानातून कंदी पेढ्यांचे रिकामे खोके आणले, प्रत्येक कार्यालयाला एक खोका दिला, आणि पट्ट्या त्यात टाकत गेले.

वाईचा प्रोग्रामर दारातून डोकावला. “मॅडम, वीस खोके आणि पेढा एकही नाही.”

“पेढा काम झाल्यावर. तू आधी हातावर लिहायचं सोड.”

चार दिवसांत एक खोका इतरांच्या तिप्पट भरला. सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्याचं शिराळ्याच्या बाजूचं गट कार्यालय. गट कार्यालय म्हणजे कारखान्याची खेड्यातली शाखा. एक खोली, एक संगणक, एक कारकून. त्या खोक्यातल्या पट्ट्या मी टेबलावर ओतल्या आणि सभासदांच्या नावाने लावायला घेतल्या.

एकाच नावाच्या चार पट्ट्या एकाखाली एक आल्या. चारही माझ्या अक्षरात. चारही हंगामाच्या पहिल्या आठवड्यातल्या, चार वेगवेगळ्या वर्षांच्या. ‘नाव दुरुस्ती. सभासद मयत. वारस आई. झाले.’

एक माणूस चार वेळा मेला होता आणि चारही वेळा मी त्याखाली ‘झाले’ लिहिलं होतं.

मी पत्रांची फाईल काढली. माझ्या एका ओळीमागे तिथे प्रत्येक वेळी अख्खं पान होतं. अक्षर शाळेतल्यासारखं गोल. त्याच्या बायकोची पत्रं होती ती. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की पती सैन्यात होते, बर्फातल्या ठाण्यावर कडा कोसळून गेले, देह मिळाला नाही, सैन्याचा कागद सोबत जोडला आहे, तरी तोडीच्या चिठ्ठीवर सासूबाईंचं नाव यावं. दुसऱ्यात, चिठ्ठी परत त्यांच्याच नावाने आली. तिसऱ्यात, मुकादमाने बांधावर त्यांचं नाव पुकारलं आणि सासूबाई कामं टाकून फाट्यावर एस.टी.ची वाट बघत बसल्या, तीन दिवस.

चौथं पत्र मी उभ्यानेच वाचलं.

‘सासूबाई म्हणतात, सरकारच्या कागदापेक्षा कारखान्याचा कागद खरा, कारण सरकारचा एकदाच आला आणि हा दर साल येतो. माझं मिरजेला नर्सिंगच्या प्रशिक्षणात नाव लागलं होतं. सासूबाईंनी सोडलं नाही. तो येईल आणि तू घरात नसशील, असं म्हणतात. पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज करणार आहे. दिवाळीनंतर हजर व्हावं लागतं, आणि चिठ्ठ्या त्याच सुमारास येतात. कृपा करून तेवढ्या वेळी तरी त्यांचं नाव येऊ देऊ नका.’

या पत्राचं मी सार काढलं होतं, ‘नाव दुरुस्ती’.

मी प्रोग्रामरला बोलावलं आणि पट्ट्या दाखवल्या. तो हसतच आला होता. पट्ट्या त्याने एकेक करून वाचल्या.

“गेल्या वर्षी मी स्वतः जाऊन काढलंय हे नाव.”

“मग परत कसं येतं?”

“मॅडम, यादीतून नाव काढलं तरी ते लगेच जात नाही. त्याच्यावर नुसती खूण होते आणि ते दिसेनासं होतं. खाली पडून असतं. खरं पुसायला वेगळी आज्ञा द्यावी लागते.”

“म्हणजे ते आत असतं.”

“असायचं. पण ती आज्ञाही मी दिली होती. आपल्याकडच्या प्रतीत बघा.” त्याने शोधलं. नाव नव्हतं. खूण केलेल्या नोंदींतही नव्हतं. “इथे नाही. तिथे कुठून येतं, देवाला ठाऊक.”

मी देवाला विचारायला जाणाऱ्यांतली नाही. पण त्यानंतरचे काही आठवडे मला सोसले नाहीत, हे लिहायला हरकत नाही. कारखान्यांच्या चाचणी चिठ्ठ्या दुपारी आमच्या प्रिंटरवर निघायच्या. करकर आवाज सुरू झाला की मी हातातलं काम टाकून उठायची आणि कागद फाडायच्या आधी प्रत्येक नाव वाचायची. भाजी घेताना ते नाव डोक्यात यायचं, आडनावासकट, आधी ‘श्री.’ लावून. एकदा घरी नवऱ्याने विचारलं, कोण गं हा? मी झोपेत बोलले होते. मी म्हटलं, ऑफिसातला आहे.

पट्ट्या मात्र मी लावत राहिले. त्या खोक्यात आणखी नावं होती, आणि तीही तशीच. त्या गटात पहिल्या वर्षानंतर जेवढे सभासद वारले, ते सगळे हंगामाच्या सुरुवातीला परत येत होते. नंतर झालेले नवे सभासद त्याच आठवड्यात नाहीसे होत होते. आठ-पंधरा दिवसांत तक्रारी यायच्या, आम्ही दुरुस्त करायचो, वर्षभर सगळं सुरळीत. आम्ही म्हणायचो, हंगाम सुरू झाला की तक्रारी यायच्याच. बाकी एकाही कार्यालयात असं नव्हतं. फक्त त्या एका खोलीत दर वर्षी पहिलं वर्ष उगवत होतं.

“साहेब, मी शिराळ्याला जाऊन येते.”

“प्रोग्राम तुम्हाला कळत नाही, तुम्ही जाऊन काय करणार?”

“प्रोग्राम कळणारा चार वेळा जाऊन आलाय.”

साहेबांनी भाड्याचे पैसे दिले.

मी कराडवरून बस बदलून पोहोचले तो दिवस खंडेनवमीचा होता. ठरवून नव्हे, त्याआधी सवड झाली नाही. गट कार्यालयात काम बंद होतं. पाटावर खोलीतल्या सगळ्या चिजा मांडल्या होत्या. मोजणीची साखळी, कोयता, कारकुनाची सायकल दुरुस्तीची हत्यारं. संगणकाला झेंडूचा हार. आणि मधोमध, पिवळ्या फडक्यावर, पाच फ्लॉप्या. हळद, कुंकू, वर आपट्याची दोन पानं.

कारकून सैन्यातून निवृत्त झालेला होता. त्याला सगळे हवालदारच म्हणायचे.

“या म्याडम, बसा की. प्रसाद घ्या.”

“हवालदार, या फ्लॉप्या कसल्या?”

“ह्यो पूजेचा संच. पयल्या वर्सी तुमच्या सायबांनी सोता नारळ फोडून हातात दिलाय. म्हनले, हवालदार, हा जपा. हंगाम ह्यातनंच सुरू करायचा.”

“आणि तुम्ही दर वर्षी यातून सुरू करता?”

“व्हय तर. मुहूर्ताला आदी ह्या पाच लावायच्या, यादी चढवायची, मग बाकीचं काम. पाच साल झाली, एकदाबी खंड न्हाई.” तो अभिमानाने सांगत होता.

“यादीत वर्षभर दुरुस्त्या होतात. त्या यात घालत नाही?”

“पूजेच्या संचावर खाडाखोड? आवं काय बोलता! कुलूप लावलंय त्येला.” त्याने फ्लॉपीच्या कोपऱ्यातली बारीक खिट्टी दाखवली. ती सरकवली की आत काही लिहिता येत नाही.

मी पाटासमोर बसले. त्या पाच चौकोनांत पहिल्या वर्षाचा अख्खा गट होता, जसाच्या तसा. त्यात तो माणूस एकवीस-बावीस वर्षांचा, नुकताच भरती झालेला, उसाचा मालक. दर वर्षी त्याला हळदकुंकू लावून बाहेर आणलं जात होतं. आणि सांगणारे आमचेच साहेब होते. एकदा तोंडाने दिलेला हुकूम, जो कुणी कुठे लिहिला नाही, म्हणून कुणी मागेही घेतला नाही. हवालदाराने फक्त पाळला.

मी त्याला ते समजावून सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. सैन्यातल्या त्या पोराला तो ओळखत होता.

“म्हंजी म्याच आणत हुतो व्हय त्येला?”

“तुम्ही, साहेब आणि मी. चला, घर दाखवा.”

घर कार्यालयापासून पंधरा मिनिटांवर. दारात एक बाई ऊन पडलेल्या ओट्यावर शेंगा वाळत घालत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने हात पुसले आणि म्हणाली, “तुम्हीच का वही लिहिता? मी पाच वर्षं लिहितेय तुम्हाला.”

“चार,” मी म्हटलं. असली सवय जात नाही.

“चार पत्रं. पाचवं लिहून ठेवलंय, टाकायचं होतं. दिवाळीनंतर मला मिरजेला हजर व्हायचंय. यंदा गेले नाही तर परत नाव लागणार नाही.”

आतून सासू आली. उंच, कोरडी बाई. हवालदाराला बघून तिने पदर सावरला आणि मला बसायला घोंगडं टाकलं. मी उगाच पाल्हाळ लावला नाही. म्हटलं, “मावशी, तुमच्या मुलाच्या नावाची चिठ्ठी येते ती चूक आहे. ते सांगायला आले.”

“कंपूटर चुकतो व्हय?”

“कंप्युटर नाही. आम्ही चुकलो.” मग मी पूजेच्या संचाचं सगळं सांगितलं, सोपं करून. जुनी यादी, फडकं, मुहूर्त.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग हवालदाराकडे बघून म्हणाली, “म्हंजी पूजेतनं येत हुता त्यो.”

हवालदाराने मान खाली घातली. सूनबाईने माझ्याकडे बघितलं. मला त्या क्षणी कळलं की मी सुधारायला आले होते ते आणखी घट्ट करून ठेवलं होतं.

“नाही,” मी म्हटलं. “तो येत नव्हता. जुनं नाव येत होतं. माणूस तेव्हाच गेलाय, मावशी.”

ती उठली आणि आतून एक पत्र्याचा डबा घेऊन आली. रेशनकार्ड, सैन्याचा कागद, आणि खाली चार चिठ्ठ्या, वर्षांच्या क्रमाने, घडी न घालता. माझ्या पेढ्यांच्या खोक्यांपेक्षा तो डबा चांगला लावलेला होता.

“चार बारीला तुमाला कळलं न्हाई, चूक हाय?”

“नाही कळलं.”

“शिकल्याली बाई तुमी. वही घालता. मग मला कसं कळावं?”

मी पेन काढलं आणि चारही चिठ्ठ्यांवर त्याच्या नावाशेजारी ‘चूक’ लिहून खाली सही केली. तिने कागद परत घेतले, उलटेसुलटे केले. तिला वाचता येत नव्हतं. सुनेने वाचून दाखवलं. चार वेळा तोच शब्द. तिने चारही चिठ्ठ्या डब्यात ठेवल्या, सैन्याच्या कागदाच्या खाली, आणि झाकण लावलं.

मग सुनेला म्हणाली, “जा तू मिरजंला.”

सून उठून आत गेली. आत भांडं पडल्याचा आवाज आला.

“आता माजं नाव येनार चिठ्ठीवर?” म्हातारीने विचारलं.

“हो. मी स्वतः बघेन.”

“माज्या नावानं मला गावात कोन वळखत न्हाई. मला त्येच्या नावानं वळखत्यात. माजं लिवा, पर खाली त्येचं बी लिवा. ह्येची आई म्हनून. मुकादम वाचंल तवा ऐकू यील.”

मी म्हटलं, “ही तक्रार नाही, ही नवी मागणी आहे. नोंदवून घेते. होईलच असं सांगत नाही.”

“नोंदवा,” ती म्हणाली.

पूजेचा संच मी हवालदाराकडून मागून घेतला. तो म्हणाला, मोडू नका, वाहत्या पाण्यात सोडा. मी बरं म्हटलं आणि पिशवीत घातला. साताऱ्याला पोहोचेपर्यंत पिशवीला आतून कुंकू लागलं होतं. तो संच अजून माझ्या कपाटात आहे. पाण्यात सोडायचं काम राहून गेलं.

त्या महिन्यात मी दोन नवी रजिस्टरं घातली. एक दोषांचं, एक मागण्यांचं. प्रत्येक नोंदीला क्रमांक, प्रत्येक दोषाला स्वतःचं एक पान, तोच दोष परत आला तर त्याच पानावर खाली तारीख. तोंडी दिलेली प्रत्येक सूचना लिहायची आणि देणाऱ्याची सही घ्यायची. त्या नियमाखाली पहिली सही मी साहेबांची घेतली. त्यांनी मुकाट्याने केली. पत्राचं सार काढायचं नाही, पत्रच पानाला टाचायचं. आणि शेवटचा नियम, ज्यावर प्रोग्रामर माझ्याशी आठवडाभर भांडला. ‘झाले’ आपण म्हणायचं नाही. ज्याने सांगितलं होतं त्याने स्वतः सांगितलं की झालं, तर त्याचे शब्द तिथे लिहायचे आणि मगच नोंद बंद.

“मॅडम, लोक कशाला फोन करून सांगतील?”

“मग आपण करायचा.”

मागण्यांच्या रजिस्टरात पहिला क्रमांक म्हातारीचा. साहेबांनी विचारलं, एका बाईसाठी चिठ्ठीचा नमुना बदलायचा का? बदलायचा नव्हता. चिठ्ठीवर पत्त्याची ओळ होती. मी प्रोग्रामरला यादी उघडायला लावली, त्याचं नाव कुठे उरलं नाही ना याची पुन्हा खात्री केली, आणि मग आईच्या नावाखाली पत्त्याच्या रकान्यात ते पुन्हा टाईप केलं. नाव, आडनाव, ‘ची आई’.

“पत्त्याच्या रकान्यात माणूस?” प्रोग्रामर म्हणाला.

“तीस अक्षरांची जागा आहे. सव्वीसात बसतंय.”

त्याचं नाव इतके दिवस हुडकून काढून पुसलं, आणि शेवटी परत घातलं ते माझ्याच बोटांनी. बरोबर केलं की नाही, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

दिवाळीनंतर सुनेचं पोस्टकार्ड आलं, मिरजेहून. ‘चिठ्ठी सासूबाईंच्या नावाने आली. मी हजर झाले आहे. माझी तक्रार मिटली.’ ते कार्ड मी दोषाच्या पानाला टाचलं, शब्द उतरवले, नोंद बंद केली. ती पहिली बंद झालेली नोंद.

मागणीसाठी मी हवालदाराला फोन लावला.

“मुकादमानं वाचलं का?”

“वाचलं की. दोनी वळी वाचल्या. म्या सोता बांधावर हुतो.”

“म्हातारी काय म्हणाली?”

“कायबी न्हाई. अंगठा दिला आन् उसात गेली.”

“आठवा, हवालदार. काहीतरी म्हणाली असेल.”

“न्हाई म्याडम. हुबी ऱ्हायली, ऐकलं, अंगठा दिला.”

पुढच्या हंगामातही मी विचारलं, त्याच्या पुढच्याही. उत्तर तेच. नियम माझाच होता, तो मला मोडता येईना. मी ती कंपनी सोडली तेव्हा मागण्यांच्या रजिस्टरातल्या बहुतेक नोंदी बंद झाल्या होत्या. पहिल्या क्रमांकासमोर शेऱ्याचा रकाना कोरा होता.